मानिचचे जलाशय: स्टेपमधलं पाणी, तिथली वन्यसृष्टी आणि तिच्यावरची संकटं (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

ज्वारी हुरड्यात आली की आमच्या सोलापूरकडच्या रानात भोरड्यांचे, म्हणजे गुलाबी मैनांचे, थवे उतरतात. माळ्यावर उभा असलेला माणूस गोफण फिरवतो, डबा बडवतो. थवा एकदम उठतो, हवेत वळतो आणि पुढच्या पट्टीत जाऊन बसतो. "ह्या येतात तरी कुठनं?" हा प्रश्न मला लहानपणी एका शेतात कुणीतरी विचारला होता. त्याचं उत्तर शोधत मी नकाशावर हळूहळू वायव्येकडे सरकत गेलो आणि काळा समुद्र नि कॅस्पियन यांच्या मधल्या मानिच नावाच्या खोलगट पट्ट्यापाशी थांबलो. आता पक्षी बघायच्या फेऱ्यांमध्ये, शाळांमध्ये त्या जागेबद्दल बोललो की लोक प्रश्न विचारतात. त्यांची उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत.

मानिच नेमकं कुठे आहे?

दक्षिण रशियात. अझोवचा समुद्र आणि कॅस्पियन समुद्र यांच्या मधोमध कुमा-मानिच नावाचा लांबट सखल भाग आहे. युरोप आणि आशिया यांची सीमा याच खोलगटातून जाते, असं मानणारे भूगोलतज्ज्ञ आहेत. पश्चिमेला रोस्तोव्ह प्रांत, दक्षिणेला स्तावरोपोल आणि पूर्वेला काल्मिकिया हे प्रजासत्ताक. काल्मिकियाची राजधानी एलिस्ता. तिथले काल्मिक लोक बौद्ध आहेत आणि त्यांचे पूर्वज मेंढ्या, उंट, घोडे घेऊन फिरणारे पशुपालक होते.

स्टेप म्हणजे आपल्यासारखं माळरानच ना?

बरंचसं तसंच. झाडं नाहीत, गवत आहे, वारा आहे आणि पाऊस कमी. काल्मिकियाच्या बऱ्याच भागात वर्षाला ३५० मिलिमीटरही पाऊस पडत नाही. फरक आहे तो थंडीचा. उन्हाळ्यात पारा चाळिशी गाठतो आणि हिवाळ्यात शून्याच्या खाली तीसपर्यंत उतरू शकतो. आपल्याकडे कुसळी आणि पवन्या, तिकडे पिसांसारखे तुरे असलेलं फेदर ग्रास आणि कडू वासाचा दवणा-जातीचा झुडुपवजा पाला. एप्रिलमध्ये याच कोरड्या जमिनीतून रानटी ट्युलिप उगवतात. लाल, पिवळे, पांढरे. आठ-पंधरा दिवसांत संपतात.

हे जलाशय नैसर्गिक आहेत की बांधलेले?

दोन्ही, आणि इथेच सगळी गुंतागुंत आहे. मानिच-गुदिलो हे मूळचं खारं सरोवर. लोक सांगतात की वाऱ्यात त्याच्या लाटा घोंघावतात म्हणून त्याला गुदिलो म्हणतात. १९३०च्या दशकात पश्चिम मानिच नदीवर ओळीने बांध घातले गेले आणि वेस्योलोव्स्कोये नि प्रोलेतार्स्कोये हे जलाशय तयार झाले. जुनं सरोवर प्रोलेतार्स्कोयेच्या पाण्यात सामावलं. १९४८ साली नेव्हिन्नोमिस्क कालव्यातून कुबान नदीचं गोडं पाणी येगोर्लिक नदीमार्गे इकडे वळवलं. पूर्वेकडे चोग्राय जलाशय १९६९ ते १९७३ या काळात झाला आणि त्याला तेरेक आणि कुमा नद्यांचं पाणी कालव्याने मिळतं.

म्हणजे बघा: कॉकेशसच्या बर्फाचं पाणी शेकडो किलोमीटर लांबून आणून कोरड्या गवताळ रानात साठवलं. ते शेतीसाठी आणि माणसांना प्यायला. पक्ष्यांसाठी कुणीच आणलं नव्हतं.

मग माणसाने साठवलेल्या पाण्याला एवढं महत्त्व का द्यायचं?

नांदूर मध्यमेश्वर आठवा. गोदावरीवरचा ब्रिटिशकालीन बंधारा, गाळ साचून झालेली दलदल, आणि आज ते महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा आहे. पाणी कुणी अडवलं हे पक्षी विचारत नाहीत. उथळ कडा, बेटं, वेतासारखे रीड आणि मासे मिळाले की झालं.

मानिचच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे. आर्क्टिकमधून काळ्या समुद्राकडे आणि कॅस्पियनकडे जाणाऱ्या पाणपक्ष्यांच्या वाटा इथे एकमेकींना भेटतात. आजूबाजूला शेकडो किलोमीटर कोरडं रान. अशा ठिकाणी मोठं पाणी म्हणजे महामार्गावरचा एकुलता एक पंप. तो बंद पडला तर पुढची गाडी कुठे थांबणार? मानिच-गुदिलो आणि वेस्योलोव्स्कोये या दोन्हींना १९९४ साली रामसर दर्जा मिळाला तो यासाठीच.

तिथे कोणते पक्षी दिसतात?

यादी देत बसलो तर पान पुरणार नाही, म्हणून मला ज्यांच्याबद्दल सांगावंसं वाटतं तेवढेच सांगतो.

पहिला झोळीवाला, म्हणजे पेलिकन. मानिचच्या बेटांवर दोन जातींचे झोळीवाले घरटी करतात, पांढरा आणि दालमेशियन. दालमेशियन झोळीवाल्याच्या मानेमागे विस्कटलेल्या कुरळ्या पिसांचा झुपका असतो आणि पंखांचा पसारा तीन मीटरच्या घरात जातो. बेटावर गवताचा, काटक्यांचा, विष्ठेने सारवलेला ढीग म्हणजे त्यांचं घरटं. पिल्लं आई-बापाच्या घशातल्या पिशवीत डोकं खुपसून मासे खातात.

दुसरा लालछातीचा कादंब. हातात मावेल असं वाटावं एवढा लहान हंस. विटकरी छाती, काळी पाठ, पांढऱ्या रेघा. सैबेरियाच्या पार उत्तरेला, तैमिर द्वीपकल्पावर तो अंडी घालतो आणि हिवाळ्याला बल्गेरिया-रोमानियाच्या किनाऱ्यावर जातो. वाटेत जगातल्या या पक्ष्यांचा फार मोठा हिस्सा मानिचवर थांबतो. रात्री पाण्यावर झोपायचं आणि दिवसा गव्हाच्या कोवळ्या शेतात चरायचं, असा त्यांचा दिनक्रम.

तिसरा कांड्या करकोचा. युरोपातले सर्वांत जास्त कांड्या करकोचे काल्मिकियात आहेत. पिल्लं मोठी झाली की ऑगस्टमध्ये हजारोंच्या संख्येने ते पाण्याकाठी जमतात आणि पुढच्या प्रवासासाठी अंगावर चरबी चढवतात.

आणि चक्रवाक! आपल्या कवितांमध्ये रात्रभर एकमेकांपासून दूर राहणारी जोडी तिकडे काय करते माहीत आहे? कोल्ह्याच्या सोडून दिलेल्या बिळात अंडी घालते. पाण्यापासून बऱ्याच अंतरावरही हे बीळ असू शकतं. पिल्लं बाहेर पडली की एक दिवसाची असतानाच आईमागून उघड्या रानातून चालत पाण्याकडे निघतात.

शिवाय चमच्या, मोठ्या कुरवांच्या वसाहती, आर्ली, आणि आपल्या माळढोकाचे दोन भाऊबंद: मोठा बस्टर्ड आणि छोटा बस्टर्ड.

महाराष्ट्रात हिवाळ्याला येणारे पक्षी तिथलेच असतात का?

सगळे नाहीत, आणि याबाबत उगाच रोमांचक बोललं जातं. मानिचचे कांड्या करकोचे अरबस्तान ओलांडून आफ्रिकेत सुदानकडे जातात. आपल्याकडे किंवा राजस्थानात खिचनला दिसतात ते अजून पूर्वेचे, कझाकस्तान-मंगोलिया भागातले. आपल्याकडचे चक्रवाकही मध्य आशियातून आणि तिबेटकडून येतात. उजनीवरचा पट्टकादंब तर मानिचवर दिसतच नाही.

पण भोरडीची गोष्ट वेगळी आहे. ही मैना पूर्व युरोपापासून मध्य आशियापर्यंतच्या स्टेपमध्ये विणीला जाते आणि हिवाळ्याला जवळजवळ सगळीच्या सगळी भारतीय उपखंडात येते. म्हणजे मानिचच्या बाजूच्या दगडांच्या ढिगात, पडक्या गोठ्याच्या भिंतीत जन्मलेली भोरडी पश्चिमेला आफ्रिकेकडे न वळता पूर्वेला निघते आणि आपल्या ज्वारीवर, वडावर, पळसावर येऊन बसते. तिकडच्या रानाला काही झालं तर त्याची झळ आपल्या रानातही पोचते.

सर्वांत मोठं संकट कोणतं?

मीठ. शिकारीची, आगीची चित्रं जास्त दिसतात, पण मला विचाराल तर मीठ.

कारण समजून घेतलं पाहिजे. हा खोलगट भाग तव्यासारखा आहे. पाणी येतं, पण बाहेर जायला वाट जवळपास नाही. उन्हाने, वाऱ्याने पाणी उडून जातं आणि क्षार मागे राहतात. त्यात शेतांना दिलेलं पाणी जमिनीतले क्षार धुऊन निचऱ्यातून परत जलाशयातच येतं. सांगली-कोल्हापूरकडे उसाला बेसुमार पाणी देऊन मीठ फुटलेली जमीन ज्यांनी पाहिली आहे, पांढरी पापुद्र्यासारखी, चालताना पायाखाली कुरकुरणारी, त्यांना हे वेगळं सांगायला नको.

कुबानचं गोडं पाणी आलं तेव्हा मानिच-गुदिलोचा खारेपणा उतरला, मासे वाढले, मासेमारी सुरू झाली. नंतर शेतीची मागणी वाढली, कालव्याचं पाणी वाटेतच संपायला लागलं. मधे एक बांध घालून पश्चिमेचा गोडा भाग आणि पूर्वेचा खारा भाग वेगळे केले गेले. पूर्वेकडचं पाणी पुन्हा समुद्रासारखं खारट झालं आणि मासे तिथून गेले. झोळीवाले बेटांवर घरटी करतात ती खाऱ्या भागात आणि मासे मिळतात ते दूरच्या गोड्या पाण्यात. दर खेपेला लांबचं अंतर उडून जायचं, पिशवी भरायची, परत यायचं. दुष्काळी वर्षात हे अंतर वाढलं की पिल्लांच्या वाट्याला कमी खेपा येतात.

चोग्रायची तऱ्हा वेगळी. तो उथळ आहे, गाळ भरतोय, कडेला रीड माजले आहेत आणि कालव्याने येणाऱ्या पाण्यावर तो पूर्णपणे अवलंबून आहे. वरचे लोक जेवढं सोडतील तेवढंच खाली येणार. हे वाक्य महाराष्ट्रातल्या कुठल्याही टेलच्या शेतकऱ्याला पाठ असतं.

पाण्याची पातळी थोडी वर-खाली झाली तर काय मोठं बिघडतं?

वेळेवर अवलंबून आहे. मे महिन्यात पातळी अर्धा मीटर चढली तर सपाट बेटावरची कुरवांची, सुरयांची अंडी पाण्याखाली. उतरली तर बेट आणि किनारा यांच्या मधे चिखलाची वाट तयार होते. त्या वाटेने कोल्हा येतो, रॅकून डॉग (कुत्र्याच्या कुळातला एक शिकारी प्राणी) येतो, रानडुक्कर येतं. एका रात्रीत वसाहत रिकामी होते आणि मोठे पक्षी ती जागा पुढच्या वर्षीही टाळू शकतात. लाटांनी बेटांच्या कडा झिजतात, ते वेगळंच.

सायगा म्हणजे काय? त्याचा जलाशयाशी काय संबंध?

सायगा हे स्टेपचं हरीण, मेंढीएवढं, नाक मात्र खाली लोंबणारं आणि फुगीर. ते नाक उन्हाळ्यात धूळ गाळतं आणि हिवाळ्यात आत जाणारी हवा ऊबदार करतं. मे महिन्यात हजारो माद्या एकाच रानात जमून आठ-दहा दिवसांच्या आत वितात, बहुतेक जुळी पिल्लं. काल्मिक लोककथांत त्यांचा राखणदार आहे त्सागान आव, म्हणजे पांढरा म्हातारा.

१९५०च्या दशकाच्या शेवटी कॅस्पियनच्या वायव्येला सुमारे आठ लाख सायगा होते. २०१०च्या दशकात ते दहा हजारांच्याही खाली आले. नराची शिंगं चिनी पारंपरिक औषधात वापरतात. सोव्हिएत संघ कोसळला, पगार थांबले, सीमा उघडल्या आणि मोटरसायकलवरून शिकार सुरू झाली. एक गोष्ट वाचून मला फार वाईट वाटलं होतं: गेंडा वाचावा म्हणून त्याच्या शिंगाला पर्याय म्हणून सायगाचं शिंग वापरा, असं त्या काळात काही संवर्धकांनीच सुचवलं होतं. नर संपले तशा कळपात माद्यांना जोडीदार उरले नाहीत आणि वीणच घटली.

पाण्याशी संबंध दोन बाजूंनी आहे. कडक उन्हाळ्यात कळप पाण्याकडे सरकतात आणि तिथे माणूस, कुत्री, गुरं सगळेच असतात. दुसरी बाजू कालव्यांची. उभ्या काठांचा कालवा प्रौढ प्राणी कसाबसा पोहून ओलांडतो, पण पिल्लू वर चढू शकत नाही. १९८०च्या दशकात व्होल्गाचं पाणी चोग्रायमध्ये आणायचा प्रचंड कालवा सुरू झाला होता. तो सायगांच्या वाटा कापत जाणार होता आणि जमिनी खारावण्याची भीती होती. लोकांनी, शास्त्रज्ञांनी विरोध केला आणि १९८९च्या सुमाराला काम थांबलं.

आता सायगा सावरत आहेत. कझाकस्तानात तर २०१५ साली जिवाणूच्या साथीने काही आठवड्यांत दोन लाखांहून जास्त मेले, तरी पुढे संख्या लाखांनी वाढली आणि २०२३ मध्ये आययूसीएन या निसर्गसंवर्धनाच्या जागतिक संघटनेने त्यांना 'अतिधोक्यात' या वर्गातून काढून 'धोक्याजवळ' या वर्गात टाकलं. काल्मिकियातही आकडा चढतो आहे.

चराई जास्त वाईट की आग?

सोपं उत्तर नाही. सोव्हिएत काळात 'काळ्या जमिनी' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या भागात इतक्या मेंढ्या घातल्या गेल्या की गवत मुळासकट गेलं आणि वाळू उडायला लागली. १९९०नंतर मेंढ्या एकदम घटल्या. गवत परत आलं, उंच झालं, वाळलं आणि त्याला भयंकर आगी लागायला लागल्या. आग जमिनीवरची घरटी खाते, चराई त्यांना तुडवते. पाण्याजवळ मात्र चराईचा ताण कधीच पूर्ण उतरत नाही, कारण गुरं पाण्याला येणारच.

विजेच्या तारांचा एवढा उल्लेख का होतो?

स्टेपमध्ये झाड नाही. गरुडाला टेहळणीला बसायला उंच जागा हवी, ती म्हणजे विजेचा खांब. मध्यम दाबाच्या जुन्या लाइनवर आडवी पट्टी धातूची आणि तार तिच्या अगदी जवळ. गरुड बसतो, उडायला पंख उघडतो, एक पंख तारेला आणि पाय पट्टीला. संपलं. स्टेप गरुड २०१५पासून जागतिक पातळीवर धोक्यात आलेल्या पक्ष्यांमध्ये गणला जातो, त्यामागे हे एक मोठं कारण आहे. तारेवर प्लास्टिकचं आवरण बसवणं हा उपाय माहीत आहे, स्वस्तही आहे. बस्टर्ड खांबावर बसत नाहीत, ते उडताना तारेला धडकतात, कारण त्यांना समोरचं नीट दिसत नाही. आमच्या सोलापूरजवळच्या नान्नज अभयारण्यातल्या माळढोकाचं दुखणंही तेच.

शिकार, विष, जाळी?

हंसांच्या शिकारीला परवाना मिळतो, पण लालछातीचा कादंब इतर हंसांच्या थव्यात मिसळून उडतो. पहाटेच्या धूसर उजेडात छर्रा निवड करत नाही. शेतात उंदरांसाठी झिंक फॉस्फाइड लावलेले दाणे उघड्यावर पडले तर हंस आणि करकोचे ते टिपतात. पाण्यात सोडून दिलेली बारीक नायलॉनची जाळी मासे मारत राहते, बुडी मारणारे पक्षीही त्यात अडकतात.

बर्ड फ्लूची भीती आहे का?

आहे. २०२२ साली ग्रीसमधल्या मिक्री प्रेस्पा सरोवरावर दीड हजारांहून जास्त दालमेशियन झोळीवाले या रोगाने मेले. घरटी दाटीवाटीने असली की साथ वाऱ्यासारखी पसरते. पाणी आटून पक्षी थोड्या जागेत गोळा झाले की दाटी आणखी वाढते.

बेटावर जंगली घोडे आहेत म्हणे?

हो, मानिच-गुदिलोमधल्या व्होद्नी बेटावर पाळीव घोड्यांचे रानटी झालेले वंशज राहतात. चारी बाजूंना खारं पाणी, बेटावर गोडं नाही, म्हणून त्यांना नळाने पाणी पोचवावं लागतं. संख्या वाढली की गवत संपतं, ट्युलिप तुडवले जातात.

मग तिथे अभयारण्य नाही का?

आहेत. 'चोर्निये झेम्ली' हे राखीव क्षेत्र १९९० साली झालं, त्याचा एक भाग सायगांसाठी आणि दुसरा मानिच-गुदिलोच्या पक्ष्यांसाठी. रोस्तोव्स्की राखीव क्षेत्र १९९५चं. वनरक्षक बेटावर बोट जाऊ देत नाहीत, शिकारी पकडतात, आग विझवतात. पण कालव्याचा दरवाजा त्यांच्या हातात नाही. पाणी किती आणि कधी सोडायचं हे ठरतं शेती आणि नळपाणी यांच्या हिशेबात, आणि त्या हिशेबाच्या वहीत पक्ष्यांचं पानच नाही. माझी तळमळ आहे ती याबद्दल. जे पाणी माणसाने आणलं, त्यावर पन्नास-पाऊणशे वर्षं जीव वाढू दिले, ते पाणी "आता उरलं नाही" म्हणून काढून घेता येत नाही. एप्रिल ते जुलै पातळी स्थिर ठेवायची आणि वसंतात खाऱ्या भागात ठरावीक गोडं पाणी सोडायचं, एवढं जरी लेखी ठरलं तरी कितीतरी घरटी वाचतील.

भोरड्या आमची ज्वारी खातात. त्यांची काळजी आम्ही का करायची?

तुमचा राग खरा आहे. हुरड्यातलं कणीस पोखरलेलं मीही पाहिलं आहे, घरच्याच शेतात. हाकला जरूर. गोफण, डबे, चमकती पट्टी, काहीही वापरा, फक्त विष आणि जाळं नको. हीच भोरडी विणीच्या काळात टोळांवर जगते, पिल्लांना टोळच भरवते. चीनमधल्या शिनच्यांगमध्ये टोळ आटोक्यात ठेवायला लोक तिच्यासाठी मुद्दाम दगडांची घरटी रचतात. मानिचकडे टोळांवर औषध फवारलं की तिचं अन्न जातं आणि उरलेलं विषारी होतं.

भोरड्या परत निघाल्या हे कसं ओळखायचं?

एप्रिलमध्ये पहाटे वडावर बघा. हिवाळाभर मळकट दिसणारी पाठ आता स्वच्छ गुलाबी झालेली असते. नवी पिसं आलेली नसतात, जुन्या पिसांची तपकिरी टोकं झिजून आतला रंग वर आलेला असतो. नराच्या डोक्यावरचा तुरा लांब, चोच गुलाबीसर आणि बुडाशी काळी. थवे उंबराला, वडाला खाऊन खाऊन जड होतात, किलबिलाट इतका की खाली बोललेलं ऐकू येत नाही. मग एखाद्या सकाळी झाड गप्प असतं. ती तारीख आणि आदल्या दिवशीचा अंदाजे आकडा ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर टाका. ऑगस्टच्या आसपास पहिला थवा दिसेल, तेव्हा त्यात गुलाबी रंग नसलेली, मातकट, पिवळट चोचीची पिल्लं किती आहेत तेही मोजा.